जोडप्यालाच द्यायची गाडी

चंदीगडला निघालो तेव्हा कोल्हापुरात आमच्या गल्लीत जो तो एकच विचारत होता, "आत्ताच कशाला?"

विचारणाऱ्यांचं चुकत नव्हतं. पंजाबातल्या दहशतवादाच्या बातमीशिवाय तेव्हा वर्तमानपत्राचं पहिलं पान निघत नसे. तिकडे लेक दिलेली असती किंवा कुणी आजारी असतं तर गोष्ट वेगळी. आम्ही निघालो होतो एक जुनी मोटरसायकल बघायला. हे कारण मी कुणालाच सांगितलं नाही. "हिमालय बघायचाय," एवढंच म्हणत राहिले. भूगोलाच्या बाईंनी हिमालय बघायला जावं, यात कुणाला वावगं वाटलं नाही.

खरं कारण असं. दोन वर्षांपूर्वी पन्हाळ्याच्या उतारावर आमची स्कूटर घसरली. माझ्या नवऱ्याला, माधवला, नुसतं खरचटलं. माझ्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. आत पट्टी घालावी लागली, सबंध पावसाळा अंथरुणात गेला, आणि उठले ती थोडी लंगडतच. त्यानंतर माधवने मला कधी मागे बसवलं नाही. मी म्हटलंच, तर "रिक्षा बोलावतो" म्हणायचा, आणि स्वतः त्या रिक्षाच्या मागोमाग स्कूटरवर यायचा.

तो तंत्रनिकेतनात यंत्रं शिकवतो. त्याने त्या पडण्याचं गणित मांडलं होतं. चाकं लहान, गाडी हलकी, दोघांचा भार मागच्या चाकावर. तेव्हा गाडी जड पाहिजे, लांब पाहिजे, चाकं मोठी पाहिजेत. "तशी मिळाली की मागे बस," असं तो म्हणाला होता. पुण्यामुंबईकडच्या पाचसहा गाड्या आम्ही बघितल्या. प्रत्येकीत त्याने खोट काढली. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की गाडी न मिळण्यातच त्याला बरं वाटतंय.

विनायक हा त्याचा मावसभाऊ चंदीगडला डॉक्टर आहे. दिवाळीत घरी आला तेव्हा म्हणाला, "आमच्याकडे एक सरदारजी आहेत. जर्मन गाडी आहे, म्हशीएवढी. विकायची आहे, पण जोडप्यालाच देणार म्हणतात."

"जोडप्यालाच म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे वहिनी, तुम्हालाही यावं लागेल."

माधव काही बोलायच्या आत मी "येणार" म्हणून टाकलं.

आकड्यांचं गाव

स्टेशन गावाबाहेर, मनीमाजरा नावाच्या वस्तीजवळ. जानेवारी सरत आला होता आणि धुकं असं, की रिक्षावाल्याच्या मफलरचं टोक दिसावं, पुढचा रस्ता दिसू नये. विनायकने स्टेशनवरच बजावलं, "पत्त्यात गल्लीबोळ शोधू नका, इथे नुसते आकडे असतात." खरंच तसं होतं. आमच्याकडे वेशीवरचा मारुती, तालमीमागचं घर, पिंपळाजवळचा वाडा असा पत्ता सांगतात. इथे सेक्टर अमुक, घर तमुक. रस्ते पट्टीने आखल्यासारखे. चौक गोल, मधोमध गुलाबांचे वाफे, आणि त्या गुलाबांच्या शेजारी वाळूच्या पोत्यांचा आडोसा. पोत्यांवरून बंदुकीची नळी बाहेर आलेली. पहिल्या चौकात मी दचकले. चौथ्या चौकात गुलाबांकडे बघायला लागले. माणूस किती लवकर सरावतो, याची मला भीती वाटली.

विनायकची मुलगी मिनी शाळेत जाणारी. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत. "संध्याकाळी फिरायला जाऊ या का गं तळ्यावर?" असं मी विचारलं तर म्हणाली, "काकू, शाम को कोई नहीं निकलता." आपल्याकडची मुलं 'बाहेर ऊन आहे' म्हणतात, त्या सुरात.

बीजींचं अंगण

सरदारजींचं नाव हरदयालसिंग. कालव्यांच्या खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. उंच, सडपातळ, पांढरी दाढी नीट बांधलेली. त्यांच्या पत्नीला सगळे बीजी म्हणत, मीही तेच म्हणायला लागले. ठेंगण्या, गोऱ्या, आणि बोलताना समोरच्याचा हात हातात घेऊन बोलणाऱ्या. आधी चहा. आमच्याकडे पाहुण्याला 'अर्धा कप तरी घ्या' म्हणतात. इथे स्टीलचा उंच पेला काठोकाठ भरून, वर साय, बरोबर तुपात थबथबलेला पिन्नी नावाचा कणकेचा लाडू. दुसरा लाडू मी नको म्हटलं, तर तिसराही पडला. एवढ्या बाबतीत कोल्हापूर आणि पंजाब सख्खे भाऊ आहेत.

मग अंगणातल्या पत्र्याखालचं ताडपत्रीचं झाकण निघालं.

मी गाड्यांतली जाणकार नाही. पण ती गाडी बघून मला हत्ती बसलाय असं वाटलं. काळी, रुंद, इंजिनाची दोन नळकांडी दोन अंगांना कानांसारखी बाहेर आलेली. कधी काळी एक जर्मन जोडपं तिच्यावरून इराण, अफगाणिस्तान करत दिल्लीला आलं होतं आणि गाडी इथेच विकून विमानाने परत गेलं. तिच्यावरून सरदारजी आणि बीजींनी काश्मीर केलं, कुलूच्या पलीकडे गेले, थेट नेपाळपर्यंत जाऊन आले.

माधवने बाह्या सरसावल्या. पुढच्या शॉकअपमधून तेल झिरपत होतं. मागच्या टायरला चिरा होत्या. क्लचची वायर संपत आली होती. तो एकेक सांगत गेला आणि सरदारजी प्रत्येक वेळी मान डोलवत, "हाँ जी, पुरानी है," म्हणत गेले. एकाही दोषाची बाजू त्यांनी घेतली नाही. वाद घालायला मिळेना, तेव्हा माधव जरा गोंधळला.

"चेन नाही हिला," सरदारजी माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाले. "आत दांडा फिरतो. साडी, ओढणी, काही अडकत नाही." मग पाना घेऊन खाली बसले आणि मागच्या दोन्ही स्प्रिंगा आवळून दाखवल्या. एकटा असेन तर इथे, दोघं असू तर इथे. दोघांची खूण घासून चकचकीत झाली होती. एकट्याच्या खुणेवर गंज होता.

मग माधवने गाडी स्टँडवरून काढली. दोनशे किलोंच्या वरचं धूड. क्षणभर तोललं, आणि हळूच, अगदी सावकाश, डाव्या अंगाला कललं. माधवला आवरेना. मी ओरडले. गाडी पडली, पण पुरती नाही. बाहेर आलेल्या नळकांड्यावर अर्धी टेकून थांबली.

सरदारजी हसायला लागले. "देखा? गिरती भी आधी है."

बीजींनी ओढणी कमरेला खोचली. नवराबायको दोघं गाडीकडे पाठ करून टेकले, एकाने हँडल धरलं, दुसरीने मागचा दांडा, आणि पायांच्या जोरावर ती उभी केली. किती सराव असेल!

"मग विकता कशाला?" मी बीजींना विचारलं.

उत्तर सरदारजींनी दिलं. "मला नाक्यावर थांबवतात, त्याचं काही नाही. पगडी दिसली, मोठी गाडी दिसली, थांबवणारच. पण माझ्या बायकोलाही उन्हात उभी करतात, तास तास. गेल्या उन्हाळ्यात ही तिथेच चक्कर येऊन पडली." मग म्हणाले, "घ्यायला पुष्कळ पोरं आली. एकटी एकटी. घासाघीससुद्धा करेनात. या दिवसांत जड, पळणारी गाडी कुणाला कशाला हवी असते, सांगा. जिच्यावरून हिला पहाड दाखवले, तिच्यावरून उद्या कुणी बंदूक घेऊन गेला तर? म्हणून म्हणतो, जोडी को दूँगा."

गव्हाचं पोतं

दोघांचं वजन घेऊन गाडी कशी चालते हे बघायला हवं होतं. त्या दिवसांत तिकडे मोटरसायकलवर दोन पुरुषांनी बसायला बंदी होती. मारेकरी तसेच यायचे म्हणून. बायकांना मुभा होती. म्हणजे सरदारजींना माधवच्या मागे बसून काही दाखवता येईना.

"भाभीजी बैठेंगी," ते सहज म्हणाले.

माधव माझ्याकडे न बघता म्हणाला, "आधी एखादं पोतं बांधून बघू."

बीजींच्या कोठीतून गव्हाचं पोतं निघालं. साधारण माझ्याच वजनाचं. माधवने ते मागच्या सीटवर सुतळीने इतकं काळजीपूर्वक आवळलं, की मला हसू आलं. माझ्या जागेवर पोतं बसवून माझा नवरा धुक्यात निघून गेला.

थोड्याच वेळात कोपऱ्यावरच्या नाक्याकडून शिट्ट्या ऐकू आल्या. आम्ही तिघं धावलो. मी आपली जमेल तशी. गाडी रस्त्याच्या कडेला उभी, माधव हात वर करून उभा, आणि एक जवान लोखंडी सळई पोत्यात खुपसत होता. पोतं उसवलं. गहू भळाभळा रस्त्यावर सांडायला लागला.

"अहो, निदान खालून तरी धरा!" माझ्या तोंडून मराठी निघालं.

जवानाचा हात थांबला. "तुम्ही कुठलं?"

"कोल्हापूरचे."

"मी कराडचा की!" त्याने सळई खाली केली, माधवला हात खाली घ्यायला सांगितलं, माझी माफी मागितली. आमच्या ओळखपत्राकडे धड बघितलंही नाही. पण त्याच्याबरोबरच्या दुसऱ्या जवानाने तोवर सरदारजींना बाजूला घेतलं होतं. शाल काढायला लावली, झटकून बघितली. ते हात वर करून उभे राहिले, आपल्याच घरापासून हाकेच्या अंतरावर. कराडच्या जवानाला मी म्हटलं, "अरे, आम्ही त्यांचेच पाहुणे आहोत." तो खाली मान घालून म्हणाला, "बाई, आम्हाला करावं लागतं."

माझी भाषा ऐकून माझ्यासाठी सळई खाली झाली होती. सरदारजी तर आपल्याच गावात, आपल्याच भाषेत बोलत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

बीजी मात्र त्यांच्याकडे बघत होत्या, एकटक. झडती संपल्यावर त्यांनी शाल उचलली, धूळ झटकली, टाचा उंचावून ती नवऱ्याच्या खांद्यावर नीट घातली, आणि मग जणू काही झालंच नाही अशा खाली बसून ओढणीत गहू भरायला लागल्या. मीही मोडका पाय पसरून बसले. भरता भरता त्या मला म्हणाल्या, "बोरी से क्या पता चलेगा? वळणावर बोरी गाडीबरोबर झुकते का? उद्या तू बस." आणि अगदी हळू, पुरुषांना ऐकू जाणार नाही असं, "पकडना गड्डी को नहीं, बंदे को."

धरमपूरच्या अलीकडे

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. बीजींनी मला आपला सलवार-कमीज दिला. सत्तेचाळिसाव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा मी तो घातला. कमीज दंडात घट्ट झाला, सलवार घोट्याच्या वर राहिली. माधव बघून म्हणाला, "पी.टी.च्या बाई दिसतेस." पण हसला नाही. अंगणात बसायचा वेताचा उंच मोढा आणून बीजींनी मला त्यावर चढवलं आणि मोढ्यावरून मी सीटवर बसले. पाठीला टेकायला सरदारजींनी खास जोडून घेतलेला दांडा होता, त्यावर बीजींनी स्वतः शिवलेली गादी.

"सावकाश बरं का," मी म्हटलं.

माधवने किक मारली. त्याची मान ताठ झाली होती.

पिंजोर, काल्का येईपर्यंत रस्ता सपाट. दोन्ही बाजूंना मोहरी फुललेली, उसाचं गुऱ्हाळ, धुराचा तोच वास जो आमच्या पंचगंगेकाठी येतो. नाक्यांवर थांबायचो, माझ्याकडे बघून सोडायचे. परवाणूला ढाब्यावर मुळ्याचे पराठे खाल्ले. वर लोण्याचा गोळा असा, की पराठा शोधावा लागला. गाडी सुरेख चालत होती. खड्डे कळतच नव्हते. मागे बसून मी तर डोंगर बघत खुशीत होते, आणि सवयीप्रमाणे दोन्ही हातांनी सीटमागचा दांडा धरून होते.

चढ लागला. चीडाची, सुईसारख्या पानांची झाडं सुरू झाली. धरमपूरच्या थोडं अलीकडे एका वळणावर रस्त्यात बारीक खडी पसरलेली होती आणि वरून ट्रक आला. माधवने गाडी व्यवस्थित कडेला घेतली, व्यवस्थित थांबवली. मागचं चाक जरासुद्धा सरकलं नाही. पण थांबल्यावर तो पुढे सरकेना. इंजिन बंद केलं.

"शालन, तू उतर."

"का?"

"तू बसने ये. मी गाडी खाली नेतो आणि परत करतो."

रस्त्याच्या कठड्याचा आधार घेऊन मी उतरले. त्याने गाडी स्टँडवर लावली आणि कठड्यावर बसला.

"गाडीत काय खोट आहे?" मी विचारलं.

"गाडीत काही खोट नाही."

इतक्या गाड्या बघून झाल्या, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. खालच्या दरीत सिमल्याची छोटी आगगाडी शिट्टी घालत बोगद्यात शिरली. ती पलीकडून बाहेर येईपर्यंत आम्ही दोघंही तिकडेच बघत राहिलो.

मग तो बोलला. दोन वर्षांत बोलला नव्हता ते. "त्या दिवशी आवाज नंतर आला, शालन. आधी पाठ हलकी झाली. मागे होतीस, आणि एकदम नाहीस. गाडी अजून सरळ होती आणि मला कळलं होतं, की तू नाहीस. ती हलकी पाठ अजून जात नाही. आत्तासुद्धा वळणावर तसंच वाटलं. गाडी कितीही जड घेतली तरी..." त्याने वाक्य सोडून दिलं.

मी त्याचं पडण्याचं गणित इतक्यांदा ऐकलं होतं. चाकाचा व्यास, वजन, उतार. त्यात ही गोष्ट कुठेच नव्हती.

"स्कूटरवर मी काय धरून बसायचे, ठाऊक आहे?" मी म्हटलं. "मागची स्टेपनी. तुम्हाला धरायची लाज वाटायची. बाजारात शाळेतल्या पोरी दिसतील, बाईंनी सरांच्या कमरेला मिठी मारली म्हणून हसतील. वीस वर्षं स्टेपनीच धरली मी. मग मी मागे आहेच, हे तुमच्या पाठीला एरवी कळणार कसं?"

तो माझ्याकडे बघायला लागला.

"इथं शाळेतली एकही पोरगी नाही," मी म्हटलं. "चला, उठा."

कठड्यावर चढून मी मागे बसले. यावेळी दांडा धरला नाही. दोन्ही हात त्याच्या पोटाशी नेऊन एकमेकांत घट्ट गुंतवले, गाल पाठीला टेकवला. स्वेटरला धुराचा, लोण्याचा आणि त्याचा स्वतःचा वास येत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, उघड्यावर आम्ही इतके जवळ कधी बसलो नव्हतो.

"कळतंय का?" मी विचारलं.

पाठीतूनच उत्तर आलं, "कळतंय."

आम्ही कसौलीपर्यंत गेलो. वळणावर तो झुकला की मी झुकायचे. दर वळणाला माझे हात थोडे आवळले जायचे आणि दर वळणाला त्याचे खांदे थोडे सैल व्हायचे. वर पोहोचल्यावर उत्तरेकडचं धुकं फाटलं आणि हिमालयाची रांग दिसली. इतकी वर्षं फळ्यावर खडूने काढलेली. मुलींना शिकवलेली सगळी शिखरं आठवून नावं घ्यावीत असं ठरवलं होतं, पण एकही नाव आठवलं नाही. माधवने शेंगदाणे आणले. सोलून सोलून माझ्या हातावर ठेवत राहिला.

ऊन उतरायच्या आत परतलो, तर सरदारजी फाटकातच उभे होते. गाडीकडे त्यांनी बघितलंही नाही. माझे हात कुठे आहेत ते बघितलं, आणि मागे वळून हाक मारली, "चाय रख भई, जोड़ी आ गई!"

निरोप

गाडी रेल्वेने पार्सल करायची ठरली. टाकीतलं पेट्रोल काढायचा नियम असतो. ते काम सरदारजींनी कुणाला करू दिलं नाही. मग गोणपाट, सुतळी, गवत. बीजींनी आदल्या दिवशी मला पिठलं करायला लावलं होतं. चाखून म्हणाल्या, "ये तो हमारी कढ़ी का भाई है." त्याच पिठल्याची वाटी आणि पराठे त्यांनी गाडीत खायला बांधून दिले.

मालडब्याचं दार लागलं तेव्हा सरदारजी लांब जाऊन फलाटावरची पाटी वाचत उभे राहिले. बीजी माझा हात धरून म्हणाल्या, "पहाड मैंने उनकी पीठ के पीछे से देखे हैं. आधा पहाड, आधी पगडी." आणि दोघी रडलो.

"तुम्ही या कोल्हापूरला," मी म्हटलं. सगळेच म्हणतात तसं. त्या "पक्का" म्हणाल्या. तेही सगळेच म्हणतात तसं.

कोल्हापूर

पण ते आले. पुढच्याच हिवाळ्यात, दोघंच, एक पत्र्याची पेटी घेऊन. तिकडचं काही निवळलं नव्हतं. स्टेशनवर उतरल्यापासून सरदारजी दर चौकात मान वळवून काहीतरी शोधत होते. काय शोधताहेत ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

सकाळी पोहे झाल्यावर माधवने किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. आधीच मागच्या स्प्रिंगा त्याने दोघांच्या खुणेवर आणून ठेवल्या होत्या. सरदारजींनी किल्लीकडे बघितलं, बीजींकडे बघितलं. बीजी चपला बदलायला आत गेल्यासुद्धा.

"एक चक्कर मारून येतो. जेवायला येऊच," ते म्हणाले.

आमची सगळी गल्ली दारात आली. पांढऱ्या दाढीचे, आकाशी पगडीचे आजोबा, मागे त्यांना बिलगलेल्या आजी, आणि ते काळं धूड डुगडुगत वळणापलीकडे गेलं. तांबडा रस्सा झाला. भाकरी थापून झाल्या. एक वाजून गेला, दोन वाजले. माधव दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आला. "अनोळखी रस्ता, वय झालेलं," असं पुटपुटत होता. मी गॅस बंद करून पायरीवर बसले. भीती तिकडची होती, पण ती माझ्याबरोबर इथे आली होती.

उन्हं कलल्यावर गाडीचा आवाज आला. दोघं धुळीने माखलेले, बीजींचे गाल लालबुंद, हँडलला अडकवलेल्या पिशवीत गुळाची ढेप. कुठल्या तरी गुऱ्हाळावर रस पिऊन, पार आंबा घाटाच्या तोंडाशी, जिथून खाली कोकण दिसतं तिथपर्यंत ते जाऊन आले होते.

"अहो, एवढं लांब?" मी जवळजवळ ओरडलेच. "आमच्या जिवाला घोर लागला की!"

सरदारजींनी इंजिन बंद केलं. लहान मुलासारखा अपराधी चेहरा करून म्हणाले, "क्या करते बहनजी, किसी ने रोका ही नहीं. तो हम चलते गए."

बीजी अजून उतरल्या नव्हत्या. गाडी थांबली होती, तरी त्यांचे हात तसेच सरदारजींच्या पोटाशी गुंतलेले होते.